भेद-चाचणी : आधी चतुःसीमा, मग चढाई

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, अर्थकारण, परराष्ट्रनीती असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंक्तीला ‘संगणकाची भेद-चाचणी’ हा विषय बसवावा, आणि तो एका कामगार संघटकाने मांडावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. संगणकशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु बँकेतला कारकून, वीजकेंद्रातला ऑपरेटर, नगरपालिकेच्या पाणीखात्यातला पंपचालक आणि इस्पितळातली परिचारिका ही आमची माणसे आहेत, आणि या सर्वांचे काम आज संगणकावर चालते. त्या संगणकाची परीक्षा कोणी, केव्हा आणि किती जोराने घ्यावी हा प्रश्न म्हणूनच आमच्या दारी आला. दारी आलेला प्रश्न समजून घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. जे समजले ते साध्या शब्दांत आपल्यापुढे ठेवतो.

भेद-चाचणी म्हणजे काय? एखाद्या संस्थेने स्वतःहून जाणकार माणसे नेमावी आणि त्यांना सांगावे, ‘चोर जसा आमच्या संगणकांत शिरेल तसे तुम्ही शिरून दाखवा, कोठून शिरलात ते आम्हांस लेखी कळवा, आणि जाताना काही मोडू नका.’ धंद्यातले लोक हिला ‘पेनिट्रेशन टेस्ट’ किंवा थोडक्यात ‘पेनटेस्ट’ म्हणतात. चोर आणि परीक्षक यांची हत्यारे एकच, युक्त्या एकच, पुष्कळदा वेळही रात्रीचीच. दोघांत अंतर असते ते एका कागदाचे. तो कागद कसा लिहावा, हाच आमचा आजचा विषय आहे. कागद नीट असेल तर चाचणी हे औषध. कागद ढिसाळ असेल तर तीच चाचणी अपघात ठरते, आणि अपघातात प्रथम कोण सापडतो हे कामगारांना सांगावयास नको.

जुनीच रीत

ही कल्पना आजची नाही. रायगडाविषयी एक आख्यायिका कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंदलेली आहे. गड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी सभा भरवून जाहीर केले की, दरवाजाने न येता आणि दोर किंवा शिडी न लावता जो कोणी गडावर येऊन दाखवील त्यास सोन्याची थैली आणि सोन्याचे कडे बक्षीस मिळेल. त्या डोंगराची लहानपणापासून माहिती असलेला एक महार पुढे झाला. महाराजांची परवानगी घेऊन तो चढला, त्याने वर निशाण लावले आणि महाराजांपुढे येऊन उभा राहिला. त्यास बक्षीस मिळाले, आणि तो ज्या वाटेने आला ती वाट बंद करण्यात आली. आख्यायिकेत इतिहास किती, हे इतिहासकारांनी पाहावे. आम्हांस तिची रचना मोलाची वाटते. परवानगी मालकाची होती, अटी आधी जाहीर होत्या, यशाची खूण ठरलेली होती, आणि शेवटी वाट बुजवली गेली. आजच्या उत्तम भेद-चाचणीत यापेक्षा वेगळे तत्त्व नाही.

दुसरे उदाहरण लंडनचे. तेथे पिकॅडिली रस्त्यावरील ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके एक कुलूप मांडलेले होते. जो ते हत्याराने उघडील त्याला 200 गिनी, अशी त्यावर पाटी होती. 1851 साली लंडनला जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेहून आलेले कुलूपतज्ज्ञ अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी हे आव्हान स्वीकारले. परंतु त्यांनी एकदम कुलपाला हात घातला नाही. आधी पंच नेमले गेले, 30 दिवसांची मुदत ठरली, अटी लिहून काढल्या. मग 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास खपून हॉब्ज यांनी ते कुलूप उघडले. त्यानंतर मूळ किल्ली लावून पाहण्यात आली आणि कुलूप पूर्वीसारखेच चालत असल्याची खात्री झाली. परीक्षेने वस्तू बिघडवली नाही, हेदेखील सिद्ध करणे हा परीक्षेचा भाग होता. संगणकाच्या क्षेत्रात 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन वायुदलाने हीच रीत उचलली. ‘मल्टिक्स’ नावाच्या, त्या काळी विशेष सुरक्षित समजल्या जाणाऱ्या यंत्रणेची परीक्षा पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी केली आणि तिचा अहवाल 1974 साली निघाला.

आपल्याला तिची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यांतील बरीच रक्कम 28 देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत काढण्यात आली. तिजोरी फोडण्याची गरज पडली नाही. त्यानंतर ऑक्टोबर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि 31 डिसेंबर 2019 रोजी बँकांची श्रेणीवार वर्गवारी करणारी अधिक सविस्तर चौकट काढली. तेव्हा चाचणी हवी की नको, हा वाद आता उरलेला नाही. ती सुरक्षितपणे कशी घ्यावी, हा प्रश्न आहे.

पाण्याने घ्यावयाची परीक्षा

ज्यांनी गिरणीत वा साखर कारखान्यात काम केले आहे त्यांना बॉयलरची परीक्षा ठाऊक असेल. बॉयलर मजबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यात नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देतात. पण तो दाब वाफेचा नसतो, पाण्याचा असतो. पाणी दाबाखाली जवळजवळ आकुंचन पावत नाही. त्यामुळे पत्रा फाटलाच तर पाणी गळते आणि दाब उतरतो. तेथे वाफ असती तर स्फोट होऊन बॉयलरघर आणि त्यातली माणसे दोन्ही गेली असती. या रीतीत मोठे शहाणपण आहे. परीक्षा कडक असावी, पण अशी रचलेली असावी की वस्तू नापास झाली तरी माणूस मरू नये.

भेद-चाचणीची आखणी करताना पहिला विचार हाच करावयाचा. चालू यंत्रणेची हुबेहूब नक्कल उभी करता येत असेल तर धोक्याचे प्रयोग नकलेवर करावे. चालू यंत्रणेवरच हात टाकणे भाग असेल तर आधी सर्व नोंदींची प्रत काढून ठेवावी. प्रत काढली एवढ्याने भागत नाही. त्या प्रतीवरून यंत्रणा पुन्हा उभी राहते, हे करून पाहिलेले असावे. आग विझविण्याच्या बंबात पाणी आहे की नाही, हे आग लागण्यापूर्वी पाहतात.

याच ठिकाणी तीन शब्दांची फोड करून ठेवू, कारण ठेकेदार मंडळी कधी कधी एकाच्या भावात दुसरे विकतात. पहिली ती साधी तपासणी : एक प्रोग्राम सर्व संगणकांवरून फिरतो आणि कोठे जुनी, सदोष आज्ञावली आहे याची यादी देतो. दुसरी भेद-चाचणी : माणूस त्या यादीतील भोकांतून खरोखर शिरता येते काय ते पाहतो. तिसरी चढाई, जिला धंद्यात ‘रेड टीम’ म्हणतात : येथे फक्त भोके शोधावयाची नसतात, चोर आल्यावर पहारेकऱ्यास कळते काय आणि तो काय करतो, हेही पाहावयाचे असते. तिन्हींचा खर्च वेगळा, धोका वेगळा, परवानगी वेगळी. आपल्याला यांतले कोणते हवे आणि ते कशासाठी, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल तर पुढचा कागद लिहूच नये.

मालक कोण?

परवानगी मालकाची हवी, हे वाक्य सोपे वाटते. पण मालक कोण, हेच पुष्कळदा ठाऊक नसते. अमेरिकेतील आयोवा राज्यात 2019 साली जे घडले ते या बाबतीत विसरता येण्याजोगे नाही.

त्या राज्याच्या न्यायखात्याने आपल्या यंत्रणेची व इमारतींची परीक्षा घेण्यासाठी एका नामांकित कंपनीला काम दिले. 11 सप्टेंबर 2019 रोजी मध्यरात्रीनंतर त्या कंपनीचे दोन परीक्षक एडेल गावातील डॅलस काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत शिरले. धोक्याची घंटा वाजली आणि पोलीस आले. परीक्षकांनी खिशातले अधिकारपत्र दाखविले. परंतु ती इमारत काउंटीची, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या स्थानिक शासनाची होती. परवानगी दिली होती राज्याच्या न्यायखात्याने. तेथील शेरीफने विचारले की, आमच्या इमारतीत शिरण्याची परवानगी देणारे ते कोण? दोघांना अटक झाली, घरफोडीचा आरोप ठेवण्यात आला आणि प्रत्येकी 50,000 डॉलरचा जामीन ठरला. पुढे न्यायखाते आणि कंपनी या दोघांनीही कबूल केले की, कराराची व्याप्ती आपण वेगवेगळी समजलो होतो. आयोवाच्या मुख्य न्यायाधीशांनी विधिमंडळाच्या समितीपुढे दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी 2020 मध्ये आरोप मागे घेण्यात आले.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, करार दोन मोठ्या संस्थांनी केला, संदिग्धता त्या दोघांच्या कागदात होती आणि कोठडीत गेली ती पगारावर काम करणारी दोन माणसे. कागदातील प्रत्येक ढिसाळ शब्दाची किंमत शेवटी हातावर काम करणाराच भरतो. आम्हांस हा नियम गिरणीत शिकावा लागला. संगणकाच्या धंद्यातही तो तसाच लागू आहे.

आपल्या देशातील कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, याच्या कलम 43 मध्ये मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे हे दोषाचे ठरविले आहे. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूने केले तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शासनाने ‘संरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणांच्या बाबतीत कलम 70 प्रमाणे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘आमचा हेतू चांगला होता’ हे कोठडीत बसून सिद्ध करण्यापेक्षा, आधी कागदावर सिद्ध करून ठेवलेले बरे.

आता आपल्या गावातील एखाद्या मध्यम सहकारी बँकेचे पाहा. शाखेतील संगणक बँकेचे. खातेवहीची आज्ञावली एका कंपनीकडून भाड्याने घेतलेली. ती चालते दुसऱ्या कंपनीच्या माहितीकेंद्रात, जेथे आणखी दहा बँकांचे व्यवहार त्याच छपराखाली असतात. एटीएम तिसऱ्याचे, संदेशवहनाची तार चौथ्याची. बँकेच्या व्यवस्थापकाने सही केली म्हणजे या चारही घरांत शिरण्याची मुभा मिळाली असे होत नाही. चाळीतल्या एका भाडेकरूने शेजाऱ्याच्या खोलीची किल्ली देऊ नये. म्हणून ज्याचे घर त्याची सही, हा पहिला नियम. मोठ्या क्लाउड कंपन्यांनी आपल्या जागेत कोणती चाचणी चालेल आणि कोणती मुळीच चालणार नाही, याचे नियम प्रसिद्ध केलेले असतात. ते वाचून करारास जोडावे.

चतुःसीमा

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात : पूर्वेस अमुकाचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमुकाची विहीर. ‘आमची गावाबाहेरची जमीन’ एवढेच लिहून कोणी व्यवहार करीत नाही. पण ‘आमच्या सर्व संगणकांची चाचणी करावी’ असे लिहिलेले करार मात्र होतात.

चाचणीच्या चतुःसीमेत पुढील गोष्टी यावयास हव्या. कोणकोणते आयपी पत्ते, कोणती संकेतस्थळे, कोणत्या आज्ञावली, कोणत्या इमारती, हे एकेक करून लिहावे. आयपी पत्ता म्हणजे आकड्यांची माळ. तीत एक आकडा चुकला तर परीक्षक भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून यादीतील प्रत्येक पत्ता खरोखर आपलाच आहे हे परीक्षकानेही स्वतंत्रपणे पडताळून पाहावे. दुसरी यादी ‘हात लावू नये’ अशा वस्तूंची. आमच्या मते ही दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. तिसरी यादी कृतींची. यंत्रणेवर मागण्यांचा भडिमार करून ती बंद पाडण्याचा प्रयोग करावयाचा की नाही? कर्मचाऱ्यांना फसवे पत्र पाठवावयाचे की नाही? कुलूप उघडून इमारतीत शिरावयाचे की नाही? नोंद वाचावयाची, की बदलूनही पाहावयाची? प्रत्येक प्रश्नास ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर हवे. ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे’ हा शब्दप्रयोग कामगारांशी केलेल्या कराराइतकाच येथेही घातक आहे.

परीक्षकास आधी किती माहिती द्यावयाची, हेही ठरवावे लागते. काहीच न सांगता बाहेरून सोडले तर चोराची खरी स्थिती कळते, पण त्याचे निम्मे दिवस वाट शोधण्यात जातात. आराखडा आणि साध्या कर्मचाऱ्याची ओळख देऊन आत घेतले तर थोड्या पैशांत जास्त भोके सापडतात. ज्या संस्थेची पहिलीच चाचणी आहे तिने दुसरा मार्ग धरावा, असे आमचे मत आहे.

यंत्राच्या पलीकडचा माणूस

बँकेचा संगणक अडखळला तर खातेदारांची रांग लांबते. कारखान्याचा संगणक अडखळला तर काय होते, याची तीन उदाहरणे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने कारखानी नियंत्रण यंत्रणांविषयी 2015 साली काढलेल्या मार्गदर्शिकेत दिली आहेत.

एका गॅसपुरवठा कंपनीने आपल्या कचेरीतील संगणकांची भेद-चाचणी करण्यास माणसे नेमली. ती बेफिकिरीने वाहिन्यांचे नियंत्रण करणाऱ्या भागात शिरली. नियंत्रण यंत्रणा जाम झाली आणि चार तास वाहिन्यांतून गॅस पाठविता आला नाही. दुसऱ्या ठिकाणी, जाळ्यावर कोणकोणते संगणक जिवंत आहेत हे पाहण्यासाठी एक अगदी साधी हाक फिरविण्यात आली. ‘कोण आहे?’ एवढेच विचारणारी ही हाक. तेवढ्याने स्वस्थ उभा असलेला नऊ फुटी यांत्रिक हात जागा झाला आणि 180 अंशांत गर्रकन फिरला. खोलीत एक माणूस होता. तो हाताच्या टप्प्याबाहेर उभा होता म्हणून वाचला. तिसऱ्या ठिकाणी तशाच हाकेने इलेक्ट्रॉनिक चकत्यांच्या कारखान्यातले 50,000 डॉलरचे उत्पादन वाया गेले.

असे का होते? कचेरीतला संगणक रोज हजारो अनोळखी हाका ऐकतो आणि दुर्लक्ष करतो. कारखान्यातली जुनी नियंत्रक यंत्रे मात्र ठरलेल्या सोबत्याशी ठरलेल्या भाषेत बोलण्यासाठी बनविलेली असतात. अनोळखी हाक आली की काही गप्प बसतात आणि काही भलतेच करतात.

म्हणून जेथे पंप, भट्टी, क्रेन, लिफ्ट, इस्पितळातले श्वसनयंत्र यांचा संगणकाशी संबंध आहे, तेथे चतुःसीमा ठरविण्याच्या बैठकीत ते यंत्र रोज चालविणारा कामगार बसला पाहिजे. नकाशावर ‘कचेरी’ आणि ‘कारखाना’ या दोन खोल्यांमध्ये भिंत दाखविलेली असते. त्या भिंतीत दुरुस्तीच्या सोयीसाठी कोणी कधी तार ओवली, हे फोरमनला आणि वायरमनला ठाऊक असते. ते नकाशा काढणाऱ्यास ठाऊक असतेच असे नाही.

वेळ, फोन आणि थांबण्याची खूण

टाकीत उतरून काम करावयाचे असले म्हणजे कारखान्यात आधी परवाना-चिठ्ठी काढतात. कोण उतरणार, किती वाजेपर्यंत, बाहेर दोर धरून कोण उभा राहणार, आणि काय दिसले की ओढून वर घ्यावयाचे, हे तीत असते. भेद-चाचणीचे नियमपत्र अगदी अशाच चिठ्ठीसारखे असावे.

वेळेचे म्हणाल तर पगाराचा दिवस, महिनाअखेर, 31 मार्च, परीक्षांच्या निकालाचा दिवस हे वगळावे. रात्रीची वेळ सोयीची खरी, पण रात्री काही बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस जागेवर आहे काय, हे पाहावे. परीक्षक कोणत्या आयपी पत्त्यांवरून येणार ते आधी लिहून घ्यावे. त्याच सुमारास खरा चोर आला तर दोघांची गल्लत होता कामा नये.

दोन्ही बाजूंची निदान दोन दोन माणसे अशी असावी की, जी मध्यरात्री फोन उचलतील आणि ‘थांबा’ म्हणण्याचा किंवा ‘ही आमचीच माणसे’ असे सांगण्याचा ज्यांना अधिकार आहे. फोन लागतो की नाही हे आदल्या दिवशी लावून पाहावे. इमारतीत शिरण्याचा प्रयोग असेल तर ज्या स्थानिक अधिकाऱ्यांकडे पहाऱ्याची बाब जाते त्यांच्याशी कोणी बोलावयाचे, हेही ठरवावे. चाचणी गुप्त ठेवावयाची असली तरी प्रत्येक पाळीतला एक जबाबदार माणूस तरी विश्वासात असावा. नाहीतर कर्तव्यदक्ष ऑपरेटर चोर आला असे समजून सगळी यंत्रणाच बंद करील, आणि त्यास दोष देता येणार नाही.

आणि थांबण्याच्या खुणा. यंत्रणा मंदावू लागली, की थांबावे. सीमेबाहेर पाऊल पडल्याचा संशय आला, की थांबावे आणि सांगावे. आत आधीच कोणी खरा चोर बसलेला आढळला, तर चाचणी तेथेच संपली. मग ती चोरीची वर्दी झाली. आपल्याकडे सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे अशा घटनांची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते, म्हणून ती कोणी द्यावयाची हे आधीच ठरलेले असावे. फार धोक्याचे भोक सापडले तर अंतिम अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. लोकांच्या खाजगी नोंदींपर्यंत हात पोचला तर पोचल्याचा पुरावा देण्यापुरतेच पाहावे. हजार रुग्णांचे कागद वाचता येतात, हे सिद्ध करण्यास हजार कागद वाचण्याची गरज नसते.

माणसाची परीक्षा, माणसाची अप्रतिष्ठा

कुलपापेक्षा माणूस फसविणे सोपे, म्हणून कर्मचाऱ्यांना खोटी ई-पत्रे पाठवून कोण फसतो ते पाहण्याची पद्धत पडली आहे. ती सर्वस्वी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. चोर तसेच करतात. पण तिलाही चतुःसीमा हवी.

इंग्लंडमध्ये 2021 साली वेस्ट मिडलंड्स ट्रेन्स या रेल्वे कंपनीने सुमारे 2,500 कर्मचाऱ्यांना पत्र पाठविले. करोनाच्या साथीत तुम्ही केलेल्या कष्टांबद्दल आभार म्हणून एकरकमी बक्षीस मिळणार आहे, असा त्यातला आशय होता. ज्यांनी आशेने पत्रातील दुव्यावर बोट ठेवले त्यांना नंतर कळविण्यात आले की, ही सुरक्षेची परीक्षा होती. साथीत आपले सोबती गमावलेल्या माणसांना हे किती लागले असेल, याची कल्पना करावी. तेथील टीएसएसए या कामगार संघटनेने याचा कडक निषेध केला, आणि तो योग्यच होता. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये गोडॅडी या कंपनीनेही नाताळच्या 650 डॉलर बोनसचे आमिष दाखवून असाच प्रयोग केला आणि पुढे माफी मागितली.

कोणी म्हणेल, चोर दयामाया दाखवीत नाही, मग परीक्षकाने का दाखवावी? याचे उत्तर असे की, चोराला उद्या त्याच माणसांबरोबर काम करावयाचे नसते, संस्थेला असते. ज्याची चारचौघांत फजिती झाली तो पुढच्या वेळी खरी फसगत झाली तरी ती लपवील. लवकर कळलेली चूक दुरुस्त होते; लपलेली चूक संस्था बुडविते. म्हणून आमचा आग्रह तीन अटींचा आहे. अहवालात माणसांची नावे नसावी, आकडे असावे. चाचणीत फसल्याबद्दल कोणाची बढती, पगार वा नोकरी अडू नये. आणि पगार, बोनस, आजार, मृत्यू यांचे आमिष किंवा भय दाखवू नये. या अटी चाचणीपूर्वी संघटनेला लेखी द्याव्या. तारीख सांगू नये, तत्त्व सांगावे.

वाट बुजविणे

चाचणी संपली म्हणजे परीक्षकाने आत सोडलेली हत्यारे, उघडलेली खोटी खाती, ठेवलेल्या खुणा सर्व काढून घ्याव्या आणि त्यांची यादी द्यावी. हॉब्ज यांच्या कुलपात मूळ किल्ली पुन्हा फिरली, तसे येथे सिद्ध व्हावे. अहवाल म्हणजे आपल्या घराच्या सर्व चोरवाटांचा नकाशा. तो कोणाकडे राहणार, कसा पोचविणार, परीक्षक आपली प्रत केव्हा नष्ट करणार, हे करारात हवे. भोके बुजविण्याची मुदत आणि त्यानंतरची फेरतपासणी हीदेखील त्याच करारात आणि त्याच खर्चात धरावी. वाट सापडली पण बुजविली नाही, तर चाचणीने संस्थेचा धोका कमी झाला नाही. एक नकाशा मात्र जगात वाढला.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण सहकारी बँकेचे, पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहेत, आणि सर्वजण नगरपालिकेचे मतदार आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. तसेच हे पाच प्रश्नही विचारावे. आपल्या यंत्रणेची भेद-चाचणी शेवटी केव्हा झाली? परवानगीपत्रावर ज्यांच्या ज्यांच्या जागा आहेत त्या सर्वांच्या सह्या होत्या काय? हात लावू नये अशा वस्तूंची यादी कोणी केली, आणि ती यंत्रे चालविणाऱ्यांना विचारले काय? चाचणी थांबविण्याचा अधिकार कोणाला होता? आणि सापडलेल्या वाटांपैकी किती बुजविल्या?

भोकांचा तपशील सभेत मागू नये. तो चोरालाही ऐकू जातो. या पाच प्रश्नांची उत्तरे मात्र चारचौघांत देण्यासारखी आहेत. ज्या संचालकास ती देता येतात त्याच्याकडे ठेव ठेवावयास आम्हांस भीती वाटत नाही. ज्यास देता येत नाहीत त्यास पुढील सभेपर्यंत मुदत द्यावी, आणि पुढील सभेस अवश्य हजर राहावे.